खुंट्यावरचा दुसरा हात

कडबनवाडीच्या माळावर गाडी थांबते तेव्हा वारा पडलेला असतो. इंदापूर तालुक्यातला हा गवताळ माळ वनखात्याच्या सफारीमुळे आता पुण्या-मुंबईच्या लोकांच्याही ओळखीचा झालाय. मांडीपर्यंत वाढलेलं कुसळ, मधूनमधून हिवर नि बोरी, आणि दूरवर मान वळवून तुमच्याकडे बघणारा एक चिंकारा. गाडीचं इंजिन बंद झाल्यावर कानांना सवय नसलेली शांतता येते. तुम्ही खोल श्वास घेता आणि मनात येतं, इथे एक झोपडी असावी, चार भांडी असावीत, एकट्यानं राहावं.

ही इच्छा मला ठाऊक आहे, माझ्याही मनात ती कितीदा येऊन गेलीय. म्हणून मी तुम्हाला या माळावरून हलवत नाही, फक्त साल बदलतो. जानेवारी 1836. पौषाचा वद्य पक्ष, संक्रांत दोन-तीन दिवसांवर.

आधी क्षितिजावरचे विजेचे मनोरे जातात. मग दक्षिणेकडची उसाची हिरवी रेघ जाते, मग डांबरी रस्ता, विंधन विहिरी, पत्र्याची घरं. गवत तेवढं राहतं. मग अंधार होतो आणि थंडी पाठीला लागते.

तुम्ही घोंगडीत आहात. घोंगडीला मेंढरांचा नि धुराचा वास आहे. छपरातल्या फटीतून वद्यातला अर्धा चंद्र दिसतो. तुम्ही दाराशी येऊन पश्चिमेकडे बघता. तिकांडं, मृगातली ती तीन ताऱ्यांची ओळ, मावळतीला टेकलंय, म्हणजे उठायची वेळ झाली. काल दिवसभर तुम्ही मोजून चार शब्द बोललात, आणि ते चारही पवळ्याशी. पवळ्या म्हणजे तुमचा बैल. जोडीतला दुसरा दोन वर्षांमागे गेला.

उठल्यावर पहिलं काम जात्याचं. परवाचं पीठ काल संपलं.

तुमच्या या हातांनी चाळिशीपर्यंत कधी जात्याचा खुंटा धरला नव्हता. दळण बायकांचं. पहाटे अंथरुणात अर्धवट जागं असताना आधी आईच्या, मग बायकोच्या ओव्या कानांवर पडायच्या, आणि घरघरीवरून कळायचं की आज किती दळायचंय. आता तुम्ही पाय पसरून जात्यापाशी बसता, मुठीनं जोंधळा वरच्या तोंडात सोडता आणि ओढता. दोघी समोरासमोर बसून दळतात तेव्हा खुंटा एकीकडून दुसरीकडे जातो, अर्धा फेरा एकीचा, अर्धा दुसरीचा. एकट्यानं दळताना अख्खा फेरा तुमच्याच खांद्यातून निघतो. दोन भाकरींच्या पिठाला खांदा भरून येतो. ओव्या तुम्हाला येत नाहीत. जन्मभर ऐकल्या, पण येत नाहीत. दगडाचा आवाज तेवढा झोपडीभर फिरत राहतो.

चकमकीवर कापूस धरून ठिणगी पाडायला बोटं गारठलेली. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला कापूस धुमसतो. रात्री राखेत निखारा दाबून ठेवला होता, पण तो विझला. गावात माणसं होती तेव्हा शेजारच्या घरातून गोवरीवर विस्तू आणायचा. गावात विस्तू कुठे तरी असायचाच. आता झोपडीतला निखारा विझला की मैलभरात विस्तू नाही.

भाकरी खापरावर भाजता. लोखंडी तवा फुटायच्या बेताला आलाय, आणि लोहार मागच्या पावसाळ्याआधीच निघून गेला. काठवटीत पीठ मळताना पाणी बेतानं घ्यायचं. भाकरी, मीठ, वाटलेली मिरची. रात्रीला हुलग्याचं माडगं. हुलगा कमी पाण्यावर येतो आणि पोटात पुष्कळ वेळ राहतो, म्हणून या मुलखानं त्याला धरून ठेवलंय. मीठ बारामतीच्या बाजारातून आणलेलं, गाडग्याच्या तळाशी आता मूठभर उरलंय. बारामतीला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस, आणि दोन दिवस पिकाकडे बघणारं कोणी नाही. म्हणून मीठ चिमटीनं.

उजव्या टाचेत काटा आहे. बाभळीचा, आठ दिवस झाले. टाचेच्या मागच्या अंगाला आहे आणि या वयात जवळचं नीट दिसत नाही. सुई घेऊन तुम्ही दोनदा पाय मांडीवर वळवून बसलात, दोन्ही वेळा काटा आणखी आत गेला. बिब्ब्याचा चटका देऊन बघितला. आता टाच टेकली की कळ डोक्यापर्यंत जाते, म्हणून तुम्ही चवड्यावर चालता.

झोपडीबाहेर उजाडताना गाव दिसतं. अर्ध्या कोसावर, ओढ्याच्या वळणावर. चाळीसेक उंबऱ्यांचं असेल. आता धूर तीन-चारच घरांतून निघतो. बाकीच्यांची छपरं उतरवून नेलेली, भिंती पावसानं विरघळायला लागलेल्या. मारुतीच्या देवळापुढे कोणी झाडलेलं नाही.

हे कसं झालं, ते तुमच्या या देहाला एका शब्दात माहीत आहे, धारा. म्हणजे सरकारचा सारा. कागदांतून ते असं दिसतं. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारनं दख्खन घेतली. मग रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं मोठी मोजणी केली. विलायतेत हेलीबरीच्या कॉलेजात तो माल्थससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला होता. शेतातून सगळा खर्च वजा जाता जे निव्वळ उरतं, त्यातले 55 टक्के सरकारचे, असं सूत्र त्यानं बसवलं. कागदावर सूत्र चोख होतं. पण मोजणी ठिकठिकाणी चुकलेली होती, निव्वळ उत्पन्नाचे अंदाज फुगलेले होते, आणि 1830 च्या सुमाराला हा धारा बसला तेव्हा पाठोपाठ वाईट सालं आली. वसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ झाला, हे पुढे सरकारच्याच अहवालात नोंदलं गेलं. लोक शेतं टाकून शेजारच्या संस्थानांत पळाले. जिरायतीचा इंदापूर तालुका त्या दिवसांत ओसाड पडला.

तुमची बायको, दोन मुलं आणि भाऊ मोगलाईत गेले, परांड्याच्या बाजूला. निजामाच्या त्या मुलखात पडीक जमीन करायला कोणी तरी देतंय, असं ऐकून. त्याला दोन दिवाळ्या झाल्या.

तुम्ही का राहिलात? त्याचं एक उत्तर नाही. जमीन मिराशीची, आजा-पणजाची. मिरासदार परत आला तर त्याची जमीन त्याला मिळते, असा रिवाज आहे, पण रिवाज मोडल्याचंही तुम्ही पाहिलंय. पवळ्याला इतकं चालवलं नसतं. आणि आडाचं पाणी टिकलंय. कोणी तरी राहायला पाहिजे, म्हणून तुम्ही राहिलात. निवड केली असं तुम्हाला वाटत नाही. सगळे निघाले आणि तुम्ही निघाला नाहीत, इतकंच.

इथे मला थोडं थांबायचंय. साधं जगणं म्हणजे वस्तू कमी असणं, असा आपला समज असतो. या झोपडीत वस्तू कमी आहेत: एक जातं, एक काठवट, तीन मडकी, पोहरा, दोर, विळा, कुऱ्हाड, घोंगडी. पण एकेक वस्तू हातात घ्या, म्हणजे तिच्यामागे माणूस दिसेल. मडकं कुंभाराचं, फाळ लोहाराचा, दोर वळायला नि जातं टाकवून घ्यायला वेगळी माणसं. बलुत्याच्या पेंढीवर ती सगळी गावात राहत. पीक उणं झालं तेव्हा बलुतं उणं झालं आणि तीही गेली. आता जात्याला टाकी मारायची तुम्ही, दोर वळायचा तुम्ही, केस भादरायचे तुम्ही. आणि शेती? या भागातल्या कुणब्यांच्या बोलण्यात तीन शब्द येतात, सावड, वारंगुळा, इर्जिक. माझ्या कामाला तू ये, तुझ्या कामाला मी येतो, ती सावड. माझा एक बैल, तुझा एक बैल, जोडी आळीपाळीनं, तो वारंगुळा. साऱ्या गावाचे नांगर एकाच्या रानात, ती इर्जिक. या तिन्ही शब्दांना किमान दोन माणसं लागतात. तुमच्याकडे अर्धी जोडी आहे आणि वारंगुळा करायला समोर कोणी नाही. म्हणून मोठं रान पडीक आहे, आणि तुम्ही आडाजवळचा फक्त एक तुकडा कुळवून शाळू पेरलाय.

त्या तुकड्यावर आता चला, कारण भोरड्या येतील.

शाळू निसवून दाणा भरतोय. कणसं अजून हिरवी, दुधावर. माळ्यावर चढताना टाच वाचवावी लागते. चार मेढी, वर काटक्यांचा आडवा थर, बसायला गवत. गोफणीचे गुंडे शेजारी रचलेले. पूर्वेकडून धुरासारखं काही तरी वळत येतं आणि एकदम वळण बदलतं. भोरड्याच. गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या, हजारांनी. तुम्ही उभे राहता, गोफण डोक्याभोवती फिरते, एक टोक सुटतं, फटका वाजतो. आणि तोंडातून आवाज निघतो, हाऽऽ हुर्रऽऽ! आजचा हा तुमचा पहिला आवाज. तो इतका घोगरा आहे की तुम्हीच दचकता.

थवा उठतो, दुसऱ्या टोकाला बसतो. माळ्यावर माणूस एकच आणि शेताला बाजू चार. पूर्वी मुलं चारही बांधांवर असायची, पत्र्याऐवजी फुटकी मडकी बडवत.

उन्हं वर येतात. दोन थव्यांच्या मधल्या वेळात माळ बघायला मिळतो, आणि तो बघण्यासारखाच आहे. उतारावर एक माळढोक चालतोय, माणसासारखा संथ, उंच मान. आजच्या कडबनवाडीला तो दिसत नाही. हे दृश्य मी तुम्हाला मुद्दाम डोळे भरून बघायला सांगतो. त्याच्या पलीकडे चिंकाऱ्यांची चौकडी. टिटवी कोणावर तरी ओरडतेय. चंडोल उडत वर जातो आणि तिथेच थांबून गातो. भूक लागली म्हणून तुम्ही हुरड्याची दोन कणसं मोडून हातावर चोळता. भाजायला खाली उतरलात तर भोरड्या येतील, म्हणून कच्चाच. गोड, दुधाळ. बोरी जवळ आहेत, मूठभर बोरं.

एक गोष्ट तुम्ही या माळ्यावर पाहिली ती कोणाला सांगितलेली नाही. आश्विनात, पाऊस सरल्यावर, सांजेला उत्तरेकडच्या आकाशात शेंडेनक्षत्र दिसलं होतं. पांढुरकी शेपटी, रोज थोडं सरकलेलं. मग ते सूर्याकडे झुकलं आणि दिसेनासं झालं. ते काय होतं ते मी तुम्हाला सांगू शकतो. तो हॅलेचा धूमकेतू, दर 75-76 वर्षांनी येणारा. 1835 च्या ऑक्टोबरात साऱ्या जगानं पाहिला. पण माळावरच्या माणसाला ते तेव्हा हवं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की कोणाच्या तरी खांद्याला हात लावून म्हणावं, ते बघ. तुम्ही त्या रात्री पवळ्याला म्हणालात. मग ते दुष्काळाचं लक्षण की बरकतीचं, हा विचार एकट्यानं करत बसलात आणि झोप गेली.

दुपार कलते तेव्हा गावाच्या बाजूनं माणसं येताना दिसतात. पाच-सहा. पागोटं घातलेला एक कारकून, हातात वही. दोघांच्या हातात लोखंडी साखळी, एकाच्या खांद्यावर कुदळ नि पहार. मागे कुलकर्ण्यांचा मुलगा, जो गावात टिकून राहिलेल्या थोड्यांपैकी एक. तुमच्या पोटात गोळा येतो. मागची मोजणी आली होती तेव्हाही साखळीच आधी दिसली होती.

तुम्ही माळ्यावरून उतरता, पटका सारखा करता, हात जोडता.

"हे रान तुझं?" कारकून विचारतो.

"व्हय रावसाहेब. मिराशीचं."

"आणि पलीकडचं पडीक?"

"त्ये बी. बैल एकच हाय."

तो वहीत बघतो. साखळी जमिनीवर पसरते. तेहतीस फूट, सोळा आण्यांत वाटलेली. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. जुन्या मोजणीचे आकडे ते पडताळतायत. मग कुदळवाला तुमच्या रानात खड्डा घेतो. तुम्हाला कळत नाही, पण तो माती किती खोल आहे ते हातानं मापतो, मूठभर उचलून रंग बघतो, खडे बघतो, चुनखडी आहे का ते बघतो. इथे काळी, दीड हातावर मुरूम. चार पावलं पुढे तांबट. बांधापाशी बरड. कारकून वहीतल्या चौकटीत काही तरी मांडतो.

हे काय चाललंय हे पुढे साऱ्या मुंबई इलाख्याला कळलं. हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर पलटणीतला लेफ्टनंट, या दोघांनी 1835 मध्ये इंदापुरापासून नवी रीत सुरू केली. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी बाजूला ठेवला. शेताचा नंबर पक्का करायचा, मातीच्या खोलीवरून आणि गुणदोषांवरून नऊ प्रती पाडायच्या, दर रयतेला पेलेल इतका खाली आणायचा आणि तो तीस वर्षं वाढवायचा नाही. ज्याला जो नंबर करायचा त्यानं कबुलायत द्यावी, नको असेल त्यानं राजीनामा द्यावा. महाराष्ट्राच्या खेड्यात आजही जमिनीची ओळख नंबरावरून पटते आणि क्षेत्र एकर-गुंठ्यांत बोललं जातं. त्या सवयीची मोठी मुळं या ओसाड तालुक्यात आहेत. परकं सरकार होतं, त्याला महसूल हवा होता, आणि रान ओसाड राहिलं तर महसूल येत नाही, हे त्या दोघांना उमगलं. तरीही मी म्हणेन की त्या वर्षी इंदापूरच्या रानात खड्डे घेणाऱ्या त्या कारकुनांनी मागच्यांपेक्षा खाली वाकून माती बघितली.

साखळीची कडी तुमच्या पायापाशी खुळखुळते आणि तुम्हाला, फक्त तुम्हाला, पुढचं दिसतं. तीस वर्षं सरतील आणि दर पुन्हा वाढतील. सावकाराच्या चोपड्यांत हे नंबर एकेक करून जातील. 12 मे 1875 ला इथून पश्चिमेला सुप्याच्या बाजारात कुणबी जमतील आणि सावकारांचे कागद रस्त्यावर जाळतील. पुढच्याच वर्षी पाऊस दगा देईल आणि 1876-77 चा दुष्काळ येईल. 1885 मध्ये वीरच्या बंधाऱ्यापासून नीरेचा डावा कालवा वाहता होईल, बारामती आणि इंदापूरची एक कड हिरवी होईल आणि दुसरी तशीच कोरडी राहील. कळंबजवळ वालचंदनगरचा कारखाना उभा राहील. 1972 येईल, खडी फोडणाऱ्या बायकांची रांग लागेल. 1980 मध्ये उजनीचं पाणी भीमेकाठची गावं पोटात घेईल आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवाचं देऊळ वर येईल. तुम्ही तोंड उघडता, पण या तोंडाला असले शब्द येत नाहीत.

"नवा धारा हलका बसणार असं ऐकतोय," कुलकर्ण्यांचा मुलगा हळूच म्हणतो. "माणसं मागं बोलवायची असतील तर निरोप धाडा आबा."

निरोप कोणाबरोबर धाडायचा, हे तोही सांगत नाही. ते पुढच्या रानाकडे जातात. खड्ड्यातली माती तुम्ही पायानं परत ढकलता.

दिवस बुडायच्या बेताला कुत्र्यांचा आवाज येतो. मग धूळ, मग घंटा. माळावरून मेंढरं येतायत, दोन-तीनशे. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, घोड्याच्या पाठीवर कोंबड्यांची पाटी आणि तिच्यावर बांधलेलं एक पोर. बरेच धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. हा वाडा माळावरच राहिलेला दिसतो.

म्हातारा धनगर काठी टेकवून उभा राहतो.

"राम राम. आडाला पानी हाय का?"

"हाय."

"एकलंच दिसताय. घरची कुटं हाईत?"

"मोगलाईत."

तो मान हलवतो. पुढचं विचारत नाही. मग व्यवहार बोलतो, तेही एका वाक्यात. मेंढरांना पाणी द्या, रात्री तुमच्या पडीकावर बसवतो. लेंडी-मुताचं खत एका रात्रीत पडतं आणि एरवी त्यासाठी धान्य मोजावं लागतं. इथे पाण्यावर सौदा झाला.

आता आडावर या. रोज तुम्ही इथे एकट्यानं पोहरा सोडता आणि एकट्यानं ओढता. आज दोराच्या मागच्या टोकाला एक पोरगा येतो, वीस वर्षांचा, खांद्यानं रुंद. काही न बोलता दोर धरतो. तुम्ही ओढता आणि पोहरा वजन नसल्यासारखा वर येतो. तुमचे हात क्षणभर रिकामे पडल्यासारखे होतात. दुसरा पोहरा, तिसरा. डोण भरते, मेंढरं गर्दी करतात, ओलं लोकरीचं अंग तुमच्या पोटऱ्यांना घासतं. पोरगा तालावर हुंकार देतो आणि चौथ्या पोहऱ्याला तुमचाही हुंकार त्यात मिसळतो.

तीन दगडांची चूल पडीकावर पेटते. वाघूर ताणली जाते, मेंढरं आत. तुम्ही तुमचं माडगं घेऊन जाता, ते त्यांच्या दुधाच्या वाडग्याशेजारी ठेवलं जातं. कोणी कोणाला या म्हणत नाही, बसा म्हणत नाही. तुम्ही बसता. म्हातारा तुमच्या चालण्याकडे बघत होता.

"पाय दावा."

तो टाच जाळाकडे वळवतो. त्याचीही नजर अधू आहे. तो सुनेला हाक मारतो. ती दाभण जाळावर धरते, तुमची टाच स्वतःच्या गुडघ्यावर घेते आणि दोन श्वासांत काटा बाहेर. चांगला अर्ध्या बोटाचा. काटा ती तुमच्या तळहातावर ठेवते. आठ दिवस हा तुमच्या चालण्यावर राज्य करत होता. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते दुखण्याचं नाही हे जाळाभोवतीच्या सगळ्यांना कळतं. म्हातारा चिलीम पुढे करतो.

रात्री लांडगा येतो. चंद्र अजून उगवायचाय, माळ काळाभोर. कुत्री एकदम उठतात, मेंढरं वाघुरीच्या एका कडेला दाटतात. इतक्या दिवसांत तो कितीदा तुमच्या काट्यांच्या कुडापाशी येऊन गेलाय. सकाळी त्याची पावलं दिसायची. तेव्हा तुम्ही पवळ्याच्या गळ्याला हात घालून कुऱ्हाड घेऊन बसून राहायचात. आज चार गळे एकदम ओरडतात, त्यांत पाचवा तुमचा. कोणी तरी पेटतं लाकूड फिरवतं. मग कुत्री गुरगुरत परत येतात आणि पुन्हा शांत होतं. तुम्ही झोपता. इतकी गाढ झोप या देहाला दोन वर्षांत लागलेली नाही.

तिकांडं मावळतीला टेकतं. तुम्ही सवयीनं उठता, जात्यापाशी बसता. वैरणीची मूठ सोडता आणि ओढायला लागता. बाहेर घोड्यावर ओझं चढवल्याचा आवाज येतोय. उजाडायच्या आत ते निघतील. भीमा उतरून पलीकडे करमाळ्याच्या अंगाला जायचंय, म्हातारा रात्री म्हणाला होता, आणि तिथून पुढे परांडा काही लांब नाही. तेव्हाच तुम्ही निरोप सांगितला. बायकोचं नाव, भावाचं नाव, धारा हलका होतोय, आडाला पाणी आहे. म्हाताऱ्यानं तो दोनदा म्हणून दाखवला. लिहिता तुम्हालाही येत नाही, त्यालाही नाही.

दारात सावली येते. काटा काढणारी सून. विस्तू मागायला आलीय, हातात गोवरी. तुमच्या चुलीत आज निखारा आहे. ती गोवरीवर घेते आणि जायला वळते, मग जात्याकडे बघते. एक पुरुष दळतोय. ती हसत नाही.

"आबा, सरका वाईच."

ती समोर बसते, गोवरी बाजूला ठेवून. तिचा हात खुंट्यावर येतो, तुमच्या हाताच्या वर. पहिल्या फेऱ्यात ताल चुकतो. दुसऱ्यात तुम्ही तुमचा अर्धा फेरा सोडायला शिकता आणि जातं एकदम हलकं होतं, आपोआप फिरल्यासारखं. ती गायला लागते. विठ्ठलाचं काही तरी, भावाचं काही तरी, अर्धं ओठांतल्या ओठांत. शब्द तुम्हाला पुरते कळत नाहीत, पण चाल तीच आहे, आईची, बायकोची, अंथरुणात ऐकलेली. बाहेरून म्हातारा हाक मारतो. ती ओवी पुरी करते, मगच उठते.

मेंढरांची घंटा भीमेच्या बाजूला विरत जाते. पूर्वेला तांबडं फुटतंय, थोड्या वेळात भोरड्या येतील. जात्याभोवती पीठ साठलंय. तुम्ही ते हातानं गोळा करून काठवटीत भरता. काठवट शिगोशीग भरते, तरी खाली उरतं. एकट्याला लागतं त्याच्या कितीतरी जास्त. तुम्ही दुसरं मडकं शोधायला उठता, आणि टाच जमिनीवर पुरती टेकते.